उचल फिटेपर्यंत राबणं ही गुलामी नव्हे का?

प्रश्न: शिरोळकडं बीडच्या ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ पैसे) फिटेपर्यंत परत जाता येत नाही, खाडा पडला की दंड. याला वेठबिगारी म्हणायचं की नाही?

शिवारकर: नुसती उचल घेणं म्हणजे वेठबिगारी नव्हे. पण उचलीपोटी दुसरीकडं कामाला जायची मुभा गेली, की १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो. उरलेली उचल रद्द! तरी वसूल केली तर ३ वर्षांपर्यंत कैद.

पंचगंगाकाठ: बरोबर. अडतं ते मुकादमाच्या वहीत. नवरा-बायकोची जोडी मिळून एकच ‘कोयता’ म्हणून नोंद, बाईचं नावच नाही. फार संतापजनक आहे हे. सुटकेच्या अर्जात दोघांची नावं वेगळी घाला, जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडं द्या. कर्ज वेठीचं नाही हे याच कायद्याच्या कलम १५ नुसार सावकारानं, म्हणजे इथं उचल देणाऱ्यानं, सिद्ध करायचं, मजुरानं नव्हे.

शिवारकर: आणि मुक्ततेचा दाखला हातात घेतल्याशिवाय टोळी गावी धाडू नका. पुनर्वसनाची पुढची मदत त्यावरच अडते.