बोर्ड न उखडता व्हेपर बॅरियर
माळ्यावरच्या खोलीत व्हेपर बॅरियर (घरातली वाफ छपरात शिरू नये म्हणून आतून द्यायचा थर) बसवायला आतलं सगळं जिप्सम बोर्ड (छत-भिंतींचे प्लास्टरचे तक्ते) उखडावं लागेल असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. बोर्ड धड असेल तर त्यावरच व्हेपर रिटार्डर प्रायमर (वाफ रोखणारा रंगाखालचा हात) मारता येतो. खरा घोळ फटींचा असतो, बोर्डातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा कितीतरी जास्त ओल फटीतून निसटणाऱ्या गरम हवेबरोबर वर जाते. आमच्या माळ्यावरच्या खोलीत छतातला दिवा काढला तर भोकाजवळची ग्लासवूल (बोर्डामागे भरलेला काचतंतूंचा उष्णतारोधक थर) काळपट झालेली आणि बाकीची स्वच्छ पिवळी, म्हणजे हवा तिथूनच जात होती आणि धूळ तिथे गाळली जात होती. त्यामुळे आधी दिवे, वायरींची भोकं, भिंत-छताचे सांधे सीलंट-टेपने बंद करा.

आणि छपरावर बाहेरून डांबरी फेल्ट (डांबर लावलेला जाड कागद) असेल तर आतून व्हेपर बॅरियर म्हणून पॉलिथिनचा (प्लास्टिकचा) कागद नकोच, वाफ दोन्हीकडून अडते, अडकलेली ओल वाळायला वाटच राहत नाही आणि लाकूड कुजतं.