व्हिसाची मुदत 22 जानेवारी: आधी लग्न की आधी विमान?

प्रेषक: काका, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या मेव्हण्यांनी 2006 साली आमच्या सौ.साठी, म्हणजे त्यांच्या बहिणीसाठी, तिथे कायमचं राहण्याच्या व्हिसाचा (ग्रीन कार्डाचा) अर्ज भरला होता. इतकी वर्षं घरात कुणी त्याचं नावही काढलं नाही, आणि आता तिघांच्या पासपोर्टवर व्हिसा! मेडिकल जुलैत झालं, म्हणून मुदत 22 जानेवारीपर्यंतच. मुलगी 22 ची आहे, पण अर्ज मंजूर व्हायला लागलेली वर्षं वजा करून तिला 21 च्या आत धरलं.

आता बेत सांगतो. मुलीचं बार्शीला जमलंय. पौषात लग्न नाही, तेव्हा मार्गशीर्षातच बार उडवायचा. मग जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तिथल्या देवाच्या लग्नाच्या अक्षता बघायच्या आणि 20 ला विमान. त्याआधी मी एकटा येऊन घर बघून जाईन म्हणतो. माझी नोकरी मेअखेरपर्यंत आहे, तेवढ्यासाठी परत यावं लागेल. जमेल की हो?


प्रेषक: वहिनी, एडिसन

काका, मी मूळची नवी पेठेतली, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. मार्गशीर्षातलं लग्न थांबवा. हॉल घेतला असेल तर बयाणा सोडा.

मुलीला व्हिसा मिळालाय तो आईची अविवाहित मुलगी म्हणून. ही अट मुलाखतीच्या दिवशी संपत नाही, अमेरिकेत प्रवेश होईपर्यंत राहते. अक्षता पडल्या की व्हिसा बाद, मग पासपोर्टवर तो चिकटवलेला असला तरी काय उपयोग? ‘आधी रजिस्टर करून ठेवू, कुणाला कळतंय’ असं कुणी सांगेल, त्याच्या नादी लागू नका. विमानतळावर खोटं बोलणं आयुष्यभर नडतं. साखरपुडा मात्र खुशाल करा, त्याला हरकत नाही.

दुसरं म्हणजे, केस काकूंची आहे, तुम्ही त्यांच्या मागून. काकूंनी आधी तरी यायचं किंवा तिघांनी बरोबर तरी. तुम्ही एकट्याने पुढे येऊन घर बघायचं, हे व्हायचं नाही. (तसंही काकूंशिवाय घर पसंत कोण करणार?)

मुलीने इथे प्रवेश केला की नंतर वैशाखात सोलापुरात लग्न लावायला मोकळे आहात. पण नवऱ्यासाठी तिला वेगळा अर्ज करावा लागेल आणि त्या रांगेत काही वर्षं जातात. हे बार्शीकरांना आत्ताच सांगा, नाहीतर मांडवात कळायचं. उलट लग्न करून ती मागे राहिली, तर ग्रीन कार्डवरच्या आईला विवाहित मुलीसाठी अर्जच करता येत नाही. पुढे काकू नागरिक झाल्यावर केला, तरी पुन्हा दहा-पंधरा वर्षांच्या गोष्टी. दोन्ही वाटा खडतर आहेत. तिला विचारलंत का?


प्रेषक: आजोबा, शिकागो

20 तारखेचं विमान वाचून माझ्या पोटात गोळा आला. व्हिसावरची तारीख विमानात बसण्याची नसते हो, इथल्या विमानतळावर अधिकाऱ्यापुढे उभं राहण्याची असते. जानेवारीत न्यूअर्कला बर्फ पडलं की विमानं धडाधड रद्द. मुदत वाढवून मिळत नाही. हुकलीच तर पुन्हा फी, पुन्हा मेडिकल, आणि एवढं करून नवा व्हिसा मिळेलच असं नाही.

तुमच्या मेमध्येच उत्तर आहे. तिघं डिसेंबरच्या सुरुवातीला या. अधिकाऱ्याने शिक्का मारला की तोच व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. मग तुम्ही जानेवारीत परत जा, गड्ड्यातली नंदीध्वजांची मिरवणूक बघा, नोकरी पुरी करा. सहा महिन्यांच्या आत परत आलात की बरं. वर्षाच्या वर राहायची वेळ येणार असेल तर री-एंट्री परमिट (परत प्रवेशाचा परवाना) लागतं, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा.

इमिग्रंट फी, माणशी 235 डॉलर, निघण्यापूर्वी ऑनलाइन भरा, त्याशिवाय कार्ड छापत नाहीत. वकिलातीने बंद पाकीट दिलं असेल तर ते न फोडता हातातल्या बॅगेत ठेवा. चादरी आणि शेंगाचटणी खालच्या सामानात. खायचं जे आणाल ते विमानतळावर जाहीर करा.


प्रेषक: टॅक्सवाला, सॅन होजे

काका, विकायचा प्लॉट वगैरे आहे का? असेल तर खरेदीखत पहिल्या प्रवेशाच्या आधी उरकून घ्या. इमिग्रंट व्हिसावर इथे पाऊल ठेवलं त्या दिवसापासून भारतातलं उत्पन्नही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, प्लॉटचा नफासुद्धा. मग तुम्ही वर्षातले अकरा महिने सोलापुरात असलात तरी. इथल्या कार्यक्रमांत याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे बॅगेच्या वजनावर बोलतात.

आणि काकूंचा आरोग्य विमा आल्यापासून 60 दिवसांत घ्या. ती खिडकी बंद झाली की थेट पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं.


प्रेषक: काका, जुळे सोलापूर

मंडळी, उपकार झाले. परवा बार्शीला जाऊन आलो. व्याही आधी गप्पच झाले, मग म्हणाले, “म्हणजे देवाचं लग्न बघायचं आणि पोरांचं थांबवायचं?” गड्ड्यात सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, त्यावरून. सगळे हसलो. विहीणबाई नाही हसल्या.

हॉलवाल्याने निम्मा बयाणा परत दिला. विजापूर रोडचा प्लॉट नोव्हेंबरात रजिस्टर होईल, गिऱ्हाईक तयार आहे. मुंबईहून 9 डिसेंबरची तिकिटं बघतोय, माझं परतीचं 8 जानेवारीचं. सौ. भावाकडेच राहतील.

वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून मुलीला समोर बसवून विचारलं. खरं सांगतो, तोवर मी तिला विचारलंच नव्हतं. तिने रविवारपर्यंत वेळ मागितलाय. तिचं तिकीट रद्द करता येईल असंच काढतोय, सात हजार जास्त पडतायत.