लगामाची मूठ बसेपर्यंत चाबूक हातात नको

चौखूर

नवशिक्या स्वाराला पहिल्या काही दिवसांतच चाबूक दिला जातो. माझं मत स्पष्ट आहे : लगामाची मूठ बसत नाही तोवर चाबूक देऊ नये.

मूठ म्हणजे काय, ते आधी नीट बघू. बिटाकडून, म्हणजे घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या तुकड्याकडून, येणारी वादी (लगामाचा पट्टा) करंगळी आणि अनामिका यांच्यामधून मुठीत शिरते, तळहातावरून वर जाते आणि तर्जनीवरून बाहेर पडते. तिथे तिच्यावर अंगठा बसतो, छपरासारखा किंचित वाकवलेला. वादी घसरू न देण्याचं काम एकट्या अंगठ्याचं आहे. बाकीची बोटं मिटलेली असतात पण आवळलेली नसतात, कारण घोड्याच्या तोंडाशी बोलायचं असतं ते अनामिकेने : किंचित आवळायची, लगेच सोडायची. अंगठे वर, दोन मुठींमध्ये साधारण एका मुठीचं अंतर आणि कोपरापासून बिटापर्यंत सरळ रेषा.

आता याच मुठीत एक दांडी घाला. ती पडेल या भीतीने नवशिका चारही बोटं आवळतो. अंगठ्याचं काम बोटांकडे जातं, अंगठा सैल पडतो आणि वादी इंच-इंच पुढे सरकू लागते. चाबकाच्या वजनाने मनगट आत वळून तळहात जमिनीकडे होतो. तसा झाला की हाताची दोन हाडं एकमेकांवरून जातात, कोपर बाहेर फेकलं जातं आणि सरळ रेषा मनगटाशीच मोडते. चाबूक उजव्या हातात असेल तर उजवी वादी जड होते, घोडा मान तिरकी करतो आणि आपण घोड्याला दोष देत बसतो.

रिकीब

चौखूर, मूठ तुम्ही अचूक सांगितलीत, निष्कर्ष मात्र पटला नाही.

चाबूक नसलेला नवशिका काय करतो? घोडा पोटरीच्या दाबाने चालला नाही की टाच मारतो, मग आणखी जोरात मारतो. प्रत्येक लाथेबरोबर त्याचा गुडघा वर येतो, कंबर हलते आणि हात झटका खातात, म्हणजे तो झटका थेट बिटावर. तुम्ही ज्या तोंडाला जपताय, त्यालाच हा मार बसतो. वर रोज लाथा खाऊन घोड्याची कूस निबर होते ती वेगळीच.

चाबूक हा पायाच्या पाठीशी उभा असतो. आधी पोटरीचा हलका दाब, उत्तर आलं नाही तर लगेच, त्याच क्षणी, पोटरीच्या मागे एक टिचकी. दोन-तीन सेकंद गेले की टिचकी कशाबद्दल होती हे घोड्याला कळत नाही.

बोटं आवळली जातात हे खरं, पण चाबूक चुकीच्या जागी धरल्यामुळे. लांब चाबूक एका बोटावर आडवा ठेवून त्याचा तोल कुठे साधतो ते बघा. धरायच्या बाजूला वजन जास्त असल्याने ही जागा मधोमध न येता गोंड्याकडे, म्हणजे त्या बाजूच्या टोकावरच्या बोंडाकडे, येते. तिथे धरला की तो न आवळता तळहातात पडून राहतो आणि पुढचा भाग मांडीवर तिरका विसावतो. अगदी टोकाला गोंड्याशी धरला तरच तो खाली ओढतो.

वादी_सोळा_मिमी

एक दुरुस्ती. वादी करंगळीच्या आतूनच घ्यावी हा नियम साध्या स्नॅफलच्या (तोंडावर थेट ओढ देणाऱ्या बिटाच्या) एका जोडीसाठी आहे. दुहेरी लगामात स्नॅफल आणि कर्ब (तरफेने दाब देणारं बिट) अशी दोन बिटं असल्याने प्रत्येक हातात दोन वाद्या येतात, तेव्हा प्रचलित पद्धतीत स्नॅफलची वादी करंगळीच्या बाहेरून आणि कर्बची आतून जाते. घोडेस्वारीचे शिक्षक जेम्स फिलिस यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वेगळी : स्नॅफलची वादी वरून तर्जनीवर आणि कर्बची खाली करंगळीशी, म्हणजे मनगट कलतं करून एकच वादी वापरता येते. अशा हातात चाबूकही असेल तर कुठल्या बोटाने काय धरलंय याचं भान हवंच. या टप्प्यावर मी चौखूर यांच्या बाजूने.

वादीच्या रुंदीकडेही बघा. लहान हाताला १९ मिमीची रबर लावलेली वादी आणि वर चाबूक असं दिलं तर मूठ मिटतच नाही. १६ मिमीची द्या, निम्मी तक्रार संपेल.

उडीमार

आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतोय, म्हणून वाद वाढतोय.

लांब चाबूक नुसतं मनगट फिरवून वापरता येतो, वादी हातातच राहते. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या) नियमांत सरावासाठी तो १२० सेंमीपर्यंत चालतो. उडीचा चाबूक ७५ सेंमीच्या आत असावा लागतो. तो पोटरीच्या मागे पोहोचवायचा तर दोन्ही वाद्या दुसऱ्या हातात घेऊन हा हात लगामावरून पूर्ण काढावाच लागतो. वादी न सोडता आखूड चाबूक मागे मारला की हात मागे जातो, वादी ओढली जाते, आणि घोड्याला एकाच वेळी ‘चल’ आणि ‘थांब’ ऐकू येतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. नवशिक्याच्या हाती आखूड चाबूक देणं मलाही मान्य नाही.

कुठल्या हातात, हेही ठरवून धरावं. रिंगणात बहुधा आतल्या हातात, आतल्या पायाला साथ म्हणून. उडीवर घोडा डावीकडून पळ काढत असेल तर डाव्या हातात, बाहेरचा खांदा निसटत असेल तर बाहेरच्या. सवयीने कायम उजव्यात धरणारा स्वार अर्धा चाबूकच वापरतो. आणि मनगटात अडकवायची दोरी असेल तर ती कापून टाका. पडताना चाबूक हातातून सुटायला हवा.

चौखूर

आखूड-लांब हा फरक मी करायला हवा होता, मान्य. तोल साधायची रिकीब यांची युक्तीही बरोबर आहे. तरी मुद्दा सोडत नाही. टाचा मारणाऱ्या नवशिक्याला चाबूक देण्याऐवजी लंजच्या दोरीवर, म्हणजे घोड्याला गोल फिरवायच्या लांब दोरीवर, घ्या. घोडा पुढे नेण्याचं काम मधोमध उभा असलेला शिक्षक आपल्या लंजच्या चाबकाने करतो आणि स्वाराचे हात फक्त लगामासाठी मोकळे राहतात.

रिकीब

लंजवर घोडा मधल्या माणसाचं ऐकतो, वरच्या पायाचं नाही. दोरी सुटली की तोच प्रश्न पुन्हा उभा. आणि हात दोन कामं शिकूच शकत नाही असं कसं म्हणता? पोलोत मॅलेट (चेंडू मारायची काठी) उजव्याच हातात धरावी लागते, म्हणून वाद्या आणि चाबूक दोन्ही डाव्या हातात असतात, तेही भरधाव वेगात. एकांगी खोगिरावर दोन्ही पाय डावीकडे असतात, तिथे उजव्या हातातला चाबूक हाच उजवा पाय. तिथे चाबूक नंतर शिकू म्हणून भागत नाही.

आयाळ

पोलोचं उदाहरण इथे लावू नका. तिथे मानेवर वादी टेकवून वळवलेला घोडा असतो, तोंडाशी सतत हलका संपर्क ठेवण्याची अपेक्षाच निराळी.

शर्यतीचे जॉकी बघा, त्यांच्याकडून घ्यायचं ते हे. दोन्ही वाद्या एकमेकींवर ठेवून दोन्ही हातांत धरतात, म्हणजे मधे पट्टीचा पूल तयार होतो. तो मानेवर टेकतो. घोडा अडखळला तर ओढ तोंडावर न येता मानेवर जाते. पूल पक्का असल्यामुळेच एक हात चाबकासाठी मोकळा करता येतो. म्हणजे आधी लगाम, मग चाबूक, हा क्रम तिथेही आहे. चाबकावर बंधनंही कडक : ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत ६ आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ७ फटक्यांची मर्यादा आहे, मर्यादेपेक्षा ४ वा अधिक जास्त झाले तर घोडाच बाद.

उडीमार

मग मूठ बसली की नाही हे ठरवायचं कसं? हात बदलताना कळतं. लांब चाबूक उजवीकडून डावीकडे न्यायचा तर दोन्ही वाद्या उजव्या हातात घ्या. डावा हात अंगठा खाली येईल असा उलटा करून चाबूक पकडा, टोक वर ठेवून मानेवरून अर्धवर्तुळात डावीकडे आणा, मग डावी वादी परत घ्या. आखूड असेल तर वाद्या तशाच एका हातात घेऊन, रिकाम्या हाताने गोंडा धरून वर ओढून काढा. चालत्या घोड्यावर हे करताना त्याचा कान मागे वळला नाही आणि वादीत ढील पडली नाही, तर मूठ तयार आहे.

चौखूर

हे घोड्यावर बसण्याआधीच करून घ्या. वाद्या एखाद्या कठड्याला बांधा, समोर उभं राहून वीसेक वेळा हात बदला. तिथे वादी लोंबली तर घोड्यावर ती नक्की लोंबेल. रिकीब, एवढं जमलेल्या नवशिक्याला तोल साधून धरलेला लांब चाबूक द्यायला माझी हरकत नाही. त्याआधी मात्र नाहीच.

रिकीब

कठड्याची कसोटी मान्य, पण ती पहिल्याच दिवशी घ्या.