यार्ड सेल आणि थ्रिफ्ट स्टोअरमधली मौल्यवान वस्तू ओळखायची कशी? (सल्ला हवा आहे)

तिरकसचष्मा

नमस्कार मंडळी,

लोकांच्या अंगणातल्या विक्रीत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत भटकायचा नाद मला बराच जुना. आजवर आवडलं ते उचललं आणि वापरलं, किमतीचा विचार कधी केला नाही. पण तीन डॉलरची वाटी बावीस लाख डॉलरला गेली अशा बातम्या वाचल्या की वाटतं, आपल्या हातून काय काय निसटलं असेल कोण जाणे.

लॉटरी लागावी अशी अपेक्षा नाही (लागली तर नाही म्हणणार नाही). विचारायचंय ते एवढंच, की ढीगभर वस्तूंतून नेमकी कोणती उलटून बघायची? बरोबर काय न्यायचं? फोटो काढून ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपवर कितपत विसंबायचं?

शिवाय एक ताजं प्रकरण. सुट्या काट्याचमच्यांच्या खोक्यात एक काळवंडलेला मोठा चमचा मिळाला. दांड्याच्या मागे ओळीनं बारीक शिक्के आहेत: चालणारा सिंह, कुठल्याशा जनावराचं तोंड, एक अक्षर, एक माणसाचं डोकं (बाई की बुवा कळत नाही, झिजलंय) आणि दोन आद्याक्षरं. घासून लख्ख करू का?

मुलामा

आधी ती घासणी खाली ठेवा!

सिंह पुढचा पाय उचलून चालतोय ना? मग ती इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. जनावराचं तोंड बिबट्याचं असेल तर चमचा लंडनला तपासून घेतलेला. तिथं जहाजाचा नांगर असता तर बर्मिंगहॅम. माणसाचं डोकं म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण, ती १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारत. म्हणजे डोकं दिसलं की चमचा १८९० च्या अलीकडचा नाही हे नक्की. आद्याक्षरं कारागिराची किंवा पेढीची. अक्षर वर्ष सांगतं, पण नुसतं अक्षर पुरत नाही, त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही जुळवावे लागतात.

भिंगाखाली तीन गोष्टी बघून सांगा. बिबट्याच्या डोक्यावर मुगुट आहे का? डोक्याचं तोंड डावीकडे की उजवीकडे? आणि अक्षर कुठल्या वळणाचं?

तिरकसचष्मा

मुगुट नाही. तोंड डावीकडे, आणि आता नीट बघितल्यावर मागे अंबाड्यासारखं काहीतरी दिसतंय. अक्षर 'के', कॅपिटल, जुन्या जर्मन पुस्तकांत असतं तसं कोनेदार.

मुलामा

काम झालं. लंडनच्या बिबट्याचा मुगुट १८२१ साली गेला. त्यानंतरचं डावीकडे बघणारं डोकं व्हिक्टोरिया राणीचं. कोनेदार कॅपिटल अक्षरांची लंडनची फेरी १८३६ ला 'ए' पासून सुरू झाली आणि तिच्यात 'जे' गाळलेला आहे. मोजा बोटांवर: 'के' म्हणजे १८४५. अक्षर दर वर्षी मेमध्ये बदलायचं, म्हणून १८४५-४६ म्हणा.

फार हुरळून जाऊ नका. असे चमचे तेव्हा भरपूर बनले, त्यामुळे सुट्या चमच्याला चांदीच्या वजनापेक्षा थोडंच जास्त मिळतं. पूर्ण संच किंवा नावाजलेला कारागीर असेल तर गोष्ट वेगळी. मऊ कापडानं पुसा, बस. चोळून चोळून शिक्के झिजले की चमचा मुका झाला.

एक इशारा सगळ्यांसाठी. 'ईपीएनएस' ही अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत अशा थाटात मारलेली असतात की लांबून अस्सल शिक्केच वाटावेत. तो निकेलच्या मिश्रधातूवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. आणि लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे कळतं, पण चिकटला नाही म्हणून चांदी ठरत नाही. मुलाम्याखालच्या त्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही.

उलटापालटा

चिनी मातीवाल्यांच्या वतीनं मी. माझं नावच माझा सल्ला आहे.

बशी, वाटी, फुलदाणी, काहीही असो, आधी तळ बघायचा. तळावर देशाचं नाव छापलेलं असेल तर तो धागा धरा. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यानं परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, ते १८९१ पासून लागू झालं. म्हणून 'निप्पॉन' लिहिलेली जपानी भांडी साधारण १८९१ ते १९२१ मधली. पुढे 'जपान' लिहायला लागले. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची थोडीच वर्षं, १९५२ पर्यंतची.

पण छापावर आंधळा विश्वास नको. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या छापातल्या निळ्या तलवारींची नक्कल इतक्यांनी केलीय की तलवारी दिसल्या की मी आधी संशयच घेते. चिनी भांड्यांवर तर जुन्या सम्राटाच्या कारकिर्दीचा छाप नंतरच्या काळातले कुंभारही सर्रास घालायचे, आणि तेही फसवण्यासाठीच असं नाही, जुन्याचा मान म्हणूनही. तेव्हा छापाबरोबर तळाच्या कडेची उघडी माती बघा, झिलई कुठे थांबलीय ते बघा, रोजच्या वापरानं तळ घासला गेलाय का ते बघा. छाप शंभर वर्षांपूर्वीचा आणि तळ मात्र कोरा करकरीत असेल तर पुढे चला.

तिरकसराव, तुम्ही म्हणताय ती वाटी चीनच्या उत्तर सोंग राजवटीतली, 'डिंग' प्रकारच्या चिनी मातीची, सुमारे हजार वर्षं जुनी. २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात अंगणातल्या विक्रीत घेतली आणि मार्च २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात २२ लाख डॉलरच्या वर गेली. मधली वर्षं ती घरात शोभेला होती. मला या बातमीत पैशापेक्षा हे मोलाचं वाटतं की मालकांना कुतूहल वाटलं आणि त्यांनी जाणकारांना दाखवली. नाहीतर अजून तिथंच असती.

हिरकणी

उलटापालटा, अगदी अगदी! लंडनची अंगठी आठवते का? १९८० च्या दशकात कुणीतरी गाडीच्या डिकीतून माल विकतात त्या बाजारात दहा पौंडांना खोट्या खड्याची म्हणून घेतली आणि तीसेक वर्षं सरळ रोज वापरली. घरकाम, बाजारहाट, सगळं करताना. निघाला २६ कॅरटचा खरा हिरा, जून २०१७ मध्ये ६,५६,७५० पौंडांना गेला.

कोणाला कसं कळलं नाही? कारण एकोणिसाव्या शतकातल्या हिऱ्याचे पैलू आजच्यासारखे पाडलेले नसतात. तेव्हा दगडाचं वजन राखण्याकडे कल होता, त्यामुळे तो आजच्या हिऱ्यासारखा झगमगत नाही. त्यात मळ साचलेला. आपण 'चमकत नाही म्हणजे काच' म्हणून टाकतो, आणि इथं उलट होतं.

दागिन्यांच्या टोपल्यात मी आकडे शोधते: ३७५, ५८५, ७५० म्हणजे अनुक्रमे ९, १४, १८ कॅरट सोनं. अंगठीच्या आतल्या बाजूला, साखळीच्या फाशाजवळ. आणि खडा बसवलेल्या घराची मागची बाजू बघते. खडा चिकटवलाय की घडवलेल्या नख्यांनी धरलाय, यावरून पुष्कळ कळतं.

कागदीघोडे

चौकट मोडायला शिका, म्हणजे मागचा पुठ्ठा काढायला. १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲडम्सटाउनच्या जुन्या बाजारात एकानं चार डॉलरला एक चित्र घेतलं, ते फक्त चौकट आवडली म्हणून. आत अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ च्या पहिल्या छपाईतली एक प्रत घडी करून ठेवलेली. १९९१ मध्ये २४ लाख डॉलरच्या पुढे गेली.

पुस्तकांचं थोडक्यात: हक्कांच्या (कॉपीराइटच्या) पानावर आकड्यांची ओळ असते. बहुतेक प्रकाशकांकडे तिच्यात १ शिल्लक असेल तर पहिली छपाई. वरचं कागदी वेष्टन फेकू नका, कित्येकदा किंमत पुस्तकापेक्षा त्याचीच असते.

चित्राला भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची छपाई, मग खाली सही कुणाचीही असो.

रविवारचा_पाहुणा

सगळं छान, पण जरा जमिनीवर येऊ. या बातम्या होतात कारण त्या क्वचित घडतात. दर सुट्टीला जाणाऱ्या माणसाच्या हाती मुख्यतः काय लागतं? पंख्याची पाती, एक पाय कमी असलेला स्टँड आणि कुणाच्या तरी लग्नातला डिनर सेट.

अ‍ॅपबद्दल: चित्रावरून नाव सापडतं, खरेखोटेपणा सापडत नाही. आणि किंमत बघताना लोक मागतात तो आकडा बघू नका, प्रत्यक्ष विकलं गेलेलं किती ते बघा. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' अशी गाळणी आहे. एकच फुलदाणी कोणी कितीलाही लावून ठेवू शकतो. वर कमिशन, टपालखर्च आणि फुटण्याची भीती धरा.

माझा एकच सल्ला: एक विषय धरा. फक्त घड्याळं, किंवा फक्त कॅमेऱ्याची भिंगं, किंवा फक्त लाकडी सामान. सगळं थोडं थोडं येणाऱ्याला दुकानदार आधीच हरवतो, कारण त्यालाही थोडं थोडं सगळं येतं. तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं असं एक कपाट दुकानात असलं पाहिजे. लाकडाचं उदाहरण देतो: आडव्या-उभ्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले. 'आजीच्या आजीचं कपाट' म्हणून दाखवलेल्या वस्तूत मूळच्या जागी तो स्क्रू दिसला की मी हसून पुढे जातो. दुरुस्तीत नंतर बसवलेला असू शकतो, म्हणून आसपासची भोकं आणि ड्रॉवरचे सांधे पण बघायचे. हाताने कापलेले सांधे एकसारखे नसतात.

शांताक्का

मला एक टोचतंय. समोर विकणारी म्हातारी बाई असेल, आणि तुम्हाला ठाऊक आहे की अंगठी खरी आहे. तुम्ही गप्प बसून घेणार?

रविवारचा_पाहुणा

शांताक्का, किंमत तिनं लावलीय. माझी पारख मी वर्षानुवर्षं घालवून कमावलीय, तिचं मोल कोण देणार? दुकानदाराकडून घेताना मला तरी काही वाटत नाही.

शांताक्का

दुकानाचं सोडा. तिथं मालावर बघणारा माणूस ठेवलेला असतो, आणि धर्मादाय दुकान असेल तर पैसाही कामी लागतो. घर रिकामं करणाऱ्या माणसाचं वेगळं. मी तरी सांगते. बहुतेक जण म्हणतात, 'घ्या हो तुम्ही, निदान तुम्हाला कळतं.' आणि खिशात, पाकिटात, पुस्तकात नोटा किंवा दागिना सापडला तर तो विकलेलाच नव्हता, परत द्यायचा. यावर माझी चर्चा नाही.

हिरकणी

शांताक्कांना अनुमोदन.

कागदीघोडे

मालकीचा विषय निघालाच आहे तर, मोठी वस्तू वाटली की ती चोरीची नाही ना, हे तपासा. फ्रेंच चित्रकार रेन्वाचं एक छोटं निसर्गचित्र जुन्या बाजारात सात डॉलरला मिळालं असा दावा होता. लिलाव ठरला, आणि ते १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या संग्रहालयातून चोरीला गेल्याचं निघालं. २०१४ मध्ये कोर्टानं संग्रहालयाला परत दिलं. ऑस्टिनमध्ये २०१८ ला ३४.९९ डॉलरला घेतलेला संगमरवरी अर्धपुतळाही (गालावर किमतीची चिठ्ठी!) खरा रोमन निघाला, पण जर्मनीतल्या आशाफेनबुर्गच्या संग्रहातला. शेवटी बव्हेरियाला परत गेला. घेणाऱ्याची काही चूक नसते, तरी वस्तू राहत नाही.

मुलामा

आणि वितळवायची घाई नको. अमेरिकेतल्या एका भंगारवाल्यानं सोन्याचं एक अंडं सुमारे १४,००० डॉलरला घेतलं होतं, आतल्या सोन्याच्या भावासाठी. त्याला हवा तेवढा नफा कोणी देईना म्हणून ते वाचलं. आतल्या घड्याळावर 'व्हाशेरॉन कॉन्स्टँटिन' हे नाव होतं. ते आणि 'अंडं' असं शोधल्यावर त्याला कळलं की ते १८८७ सालचं, फाबर्जे या नामांकित सोनाराचं, रशियाच्या झारनं आपल्या राणीला दिलेलं. म्हणून म्हणतो, वस्तूवर जे नाव असेल ते अक्षर न अक्षर शोधा.

तिरकसचष्मा

भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. मग भिंग, चुंबक, मऊ कापड, मोजपट्टी आणि फोन. काचसामानासाठी अतिनील टॉर्च घ्यावा का? दुकानात दोन प्रकार दिसतात, ३६५ आणि ३९५ नॅनोमीटरचे.

उलटापालटा

युरेनियम मिसळलेली जुनी काच शोधायची असेल तर ३९५ चा पुरतो, आणि स्वस्तही असतो. काच झगझगीत हिरवी पेटते, चुकायचा प्रश्न नाही. ३६५ खाली मँगनीज घातलेली जुनी काचही मंद हिरवी दिसते, त्यामुळे नवख्याचा गोंधळ उडतो. टॉर्च डोळ्यांत मारू नका, आणि दिवसाउजेडी अंगणात काही दिसायचं नाही. वस्तू पिशवीत धरून बघा, लोक बघतील तर बघू देत.