नव्या ई-गाडीत बाबांची सांगली कशी लावू? (बेळगाव-कोल्हापूर आणि चोर्ला)

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. दसऱ्याला घरात इलेक्ट्रिक गाडी येतेय. टेस्ट ड्राइव्ह झाली, गाडी आवडली, रंगावरून घरात भांडणंही झाली. एक घोळ मात्र राहिलाय. शोरूममध्ये बाबा (वय ७६) पडद्यावर रेडिओ लावायला गेले तर नुसतं एफएम. मीडियम वेव्ह नाहीच! जुन्या पेट्रोल गाडीत त्यांनी मीडियम वेव्हच्या १२५१ वर आकाशवाणीच्या सांगली केंद्राचं बटण पक्कं करून ठेवलं होतं. "मग सांगली कुठं लागायची?" म्हणाले. सेल्समन विशीतला, त्याला सांगली म्हणजे गाव एवढंच ठाऊक. "काका, टॉप मॉडेल घ्या, त्यात सगळं ऑनलाइन येतंय." टॉप मॉडेल म्हणजे वर दीड लाख.
त्यात अमेरिकेतला भाचा सांगतोय, सॅटेलाइट रेडिओ बघ, रानात पण चालतो.
आमचं फिरणं असं: पंधरा दिवसांनी एकदा कोल्हापूर (बहीण आणि अंबाबाई), महिन्यातून एकदा चोर्ल्यावरून गोवा. बाबा कायम शेजारच्या सीटवर. सॅटेलाइट रेडिओ आपल्याकडं मिळतो का? गाडीतल्या सिमचे पैसे भरावेत की मोबाइलवर भागतं? आणि दिवसभर गाणी लावली तर बॅटरी किती खातात?

जुना_श्रोता
भाच्याचं खरं आहे, पण ते तिथलं. सिरियस आणि एक्सएम या दोन कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या, तीच सेवा तो ऐकत असणार. ती अमेरिका-कॅनडापुरती. इथं तसली गाडी आणून उभी केली तरी काही लागणार नाही.
आपल्याकडं होता तो वर्ल्डस्पेस. एशियास्टार उपग्रह २००० साली वर गेला, त्यावरून यायचा. ए. आर. रहमान जाहिरातीत असायचे. मी पैसे साठवून घेतला होता. अँटेना खिडकीत पूर्वेला, जराशी आग्नेयेकडं तोंड करून ठेवायची. समोरच्यांनी नारळाचं झाड वाढवलं आणि आमचं शास्त्रीय संगीत बंद पडलं. गच्चीवर नेलं तेव्हा परत सुरू. आवाज मात्र असा स्वच्छ की तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या मोजाव्यात! ३१ डिसेंबर २००९ ला सगळं बंद. डबा अजून माळ्यावर आहे, बायको दर दिवाळीला विचारते टाकू का म्हणून.
तेव्हा सॅटेलाइट विसरा.

वायरमन_शहापूर
मीडियम वेव्ह काढून टाकण्यात कंपनीचा कंजूषपणा कमी, अडचण जास्त. ई-गाडीत बॅटरीचा डीसी करंट मोटरसाठी एसी करायला इन्व्हर्टर असतो. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्याचा कचरा नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये सांडतो. तिथं आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो, त्यामुळं प्रत्येक खरखर आवाजातच मिसळते. एफएमला तो त्रास फारसा नाही. कचरा रोखायला जाड शील्डिंग, फिल्टर घालता येतात, पण वजन आणि खर्च वाढतो. कोण घालणार?
मी करून बघितलंय. मेहुण्याच्या ई-गाडीत डॅशबोर्डवर ट्रान्झिस्टर ठेवला, ७६५ वर धारवाड लावलं. गाडी बंद असताना छान. बटण दाबून गाडी 'रेडी' केली की खर्रर्र. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की शिट्टी वर चढते, सोडला की खाली. मेहुणा म्हणाला, हे पण वाद्यच की!
आता बॅटरीचं. स्टीरिओ मोठ्यानं लावला तरी ५० वॅटच्या आसपास धरा. गाडी किलोमीटरला साधारण १५० वॅट-तास खाते. म्हणजे तासभर गाण्यांना किलोमीटरचा तिसरा हिस्सा. कोल्हापूर गाठेपर्यंत पाऊण किलोमीटर गेलं समजा. एसीपुढं हे काहीच नाही.
एक मात्र जपा. गाडी 'रेडी' न करता नुसता पडदा चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. तेव्हा तो छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असतो. ती बसली की मोठी बॅटरी ८० टक्के असून गाडी हलत नाही. लग्नाच्या हॉलबाहेर हे एकाचं झालेलं मी बघितलंय, वरात सुटायच्या वेळेला.

निपाणीची_लेक
गाडीतल्या सिमबद्दल अनुभवाचे बोल. आमच्या गाडीत पहिलं वर्ष गाण्यांचं ॲप फुकट होतं. वर्ष संपल्याचं कुणी सांगितलं नाही. संकेश्वरच्या अलीकडं नाट्यगीत चालू असताना मधेच थांबलं आणि पडद्यावर पैसे भरा म्हणून चौकोन आला. तान अर्धी! शोरूमला फोन केला तर कंपनीला विचारा, कंपनीला केला तर शोरूमला विचारा. तेव्हापासून मोबाइल केबलनं जोडते आणि अँड्रॉइड ऑटोवर (फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर आणतं ते) ऐकते. बिनवायरीचंही चालतं, पण उन्हाळ्यात फोन तव्यासारखा तापतो. केबलनं तो चार्ज तरी होतो.
नेट किती जातं ते मोजलंय. १२८ केबीपीएसच्या दर्जावर तासाला ५८ एमबी, ३२० वर १४४. बाबांच्या भजनांना १२८ पुष्कळ.
आणि सांगलीचं उत्तर कुणी दिलंच नाही की! आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप घ्या. फुकट आहे, त्यात केंद्रांची यादी येते. सांगली आहे, कोल्हापूर आहे, धारवाडही आहे. फक्त थेट प्रक्षेपणापेक्षा मागं असतं. आमचे आबा बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचे. आठवडाभर त्यांना वाटत होतं, आपलं घड्याळ पुढं जातंय.

घाटवाटा
खानापूर तालुक्यातला आहे, चोर्ला आठवड्याला करतो. जांबोटी सोडली की मोबाइलच्या काड्या एकेक गळतात. कणकुंबीच्या पुढं तर गोव्याच्या बाजूला खाली उतरेपर्यंत भरवसाच नाही. गाडीतलं सिम असो की खिशातलं, टॉवर तोच. दीड लाख भरून घाटात टॉवर उभा राहत नाही.
उपाय जुनाच, पेनड्राइव्ह. कॉम्प्युटरवर तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट करा, बऱ्याच गाड्या एनटीएफएस ही दुसरी पद्धत वाचत नाहीत. फोल्डर लहान ठेवा, नावाआधी आकडे टाका, नाहीतर गाडी तिच्या मर्जीनं क्रम लावते. किंवा निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर ॲपमधली गाणी डाउनलोड करा.
आणखी एक. बेळगावचं लोकेशन बघून ॲप पहिल्यांदा कन्नड गाणीच पुढं करतं. भाषेत मराठी स्वतः निवडायला लागतंय. कन्नड काढू मात्र नका. भीमसेनांचे अभंग ऐकणाऱ्या माणसाला त्यांची दासवाणी (कन्नड संतांची पदं) पण पाहिजेच, आणि आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तर दोन्हीकडचे.

टिळकवाडीकर
सगळ्यांचे आभार. मधलं मॉडेल बुक केलं, दीड लाख वाचले. त्यातले थोडे चांगल्या केबलवर आणि ६४ जीबी पेनड्राइव्हवर गेले. काल डिलिव्हरी झाली. गणपत गल्लीतून कुंदा घेतला, अंबाबाईला जाऊन आलो. तवंदी घाट चढून पार होईपर्यंत सांगली एकदाही तुटली नाही. बाबा खूश.
एकच अडचण उरलीय. पडद्यावर बोट लावायला बाबा घाबरतात, म्हणून स्टीअरिंगवरचं माइकचं बटण दाबून दिलं. ते म्हणाले, "सांगली लाव." गाडीनं सांगलीचा रस्ता लावला.

निपाणीची_लेक
हाहा. नुसतं सांगली नको, "आकाशवाणी सांगली" म्हणायला सांगा.

टिळकवाडीकर
सांगितलं. आता थेट केंद्राच्या दारापर्यंतचा रस्ता दाखवतेय. बाबा म्हणतात, चल, बघून तरी येऊ.