फुफ्फुसात गुठळी: नळीने ओढून काढायची की हेपरिनवर थांबायचं?

नाशिकची_लेक:
बाबा ६७ वर्षांचे, नऊ दिवसांपूर्वी गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं, वॉकर घेऊन चालायलाही लागले होते आणि परवा बाथरूममधून येता येता एकदम धाप लागली, घाम फुटला. सीटीत दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या. आयसीयूत आहेत, रक्त पातळ करायचं हेपरिन चालूय, बीपी ११८/७६, ऑक्सिजन लावून ९५. इकोत हृदयाची उजवी बाजू फुगलीय, हृदयावर ताण आल्याचं दाखवणारं ट्रोपोनिन पण रक्तात वाढलंय. एक डॉक्टर म्हणतात जांघेतून नळी घालून ओढून काढू, खर्च काही लाखांत, दुसरे म्हणतात दोन दिवस बघू. भाऊ म्हणतो पैशाचं बघू नकोस, आई म्हणते आता अजून चिरफाड नको. कोणी यातून गेलंय का? डोकंच चालत नाहीये

मामाचा_भाचा:
करून टाका ताई. आमच्या मामांची गुठळी ओढून काढली, तिसऱ्या दिवशी जिना चढले. वाट कसली बघायची

कॅथलॅबवाला:
मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रोज टेबलापाशी उभा असतो म्हणून लिहितो. हेपरिन गुठळी विरघळवत नाही, फक्त वाढू देत नाही, विरघळवायचं काम शरीर हळूहळू स्वतःच करतं. तोवर उजवी बाजू तग धरते का, एवढाच खरा प्रश्न. विरघळवणारं इंजेक्शन वेगळं, अल्टेप्लेज, पूर्ण डोस १०० मिग्रॅ दोन तासांत, पण ताज्या ऑपरेशनला तेच नडतं, गुडघ्यातून रक्त सुटू शकतं. म्हणून मग बारीक नळी थेट गुठळीत ठेवून तेच औषध थेंबाथेंबाने सोडतात, साधारण २४ मिग्रॅ, १२ ते २४ तास. ईकॉस म्हणतात त्या नळीत अल्ट्रासाउंड पण असतो. आणि तिसरं म्हणजे व्हॅक्यूमसारखं ओढणं, फ्लोट्रीवर, इंडिगो वगैरे नावाच्या नळ्यांनी, त्यात विरघळवणारं औषध लागतंच असं नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तेच सुचवलं असणार. आईंना सांगा चिरफाड नाही, बहुतेक वेळा जांघेत भूल देऊन सुईच्या वाटेनेच जातात. पण नळी २४ फ्रेंचपर्यंत असते, म्हणजे ८ मिमी, चांगली पेनाएवढी जाड, ती हृदयातून पुढे न्यायची असते, तेव्हा ज्यांचा हात बसलाय त्यांच्याकडेच करा.

रात्रपाळी_रेसिडेंट:
@मामाचा_भाचा मामांचं बीपी पडलं होतं का? तो फरक फार मोठाय. बीपी पडलं की घाई, टिकून असेल तर आधी हेपरिन आणि डोळ्यात तेल घालून लक्ष, बिघडलं तर लगेच पुढचं पाऊल, अशीच पद्धत आहे. २०१४ च्या पीथो ट्रायलमध्ये अशाच हजारभर पेशंटपैकी निम्म्यांना विरघळवणारं इंजेक्शन दिलं, बीपी कोसळणं कमी झालं पण मेंदूतले रक्तस्राव वाढले, म्हणून सगळे सावध झाले. २०२४ च्या पीअरलेसमध्ये ५५० जण होते, ओढून काढणं विरुद्ध नळीतून औषध. ओढणाऱ्या गटात आयसीयू कमी लागलं, मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. आणि ईकॉससाठी कर्ज काढायच्या आधी हे पण ऐका, २०२१ च्या सनसेट ट्रायलमध्ये ८१ पेशंटमध्ये साधी नळी आणि अल्ट्रासाउंडवाली नळी यांनी गुठळी जवळपास सारखीच कमी केली.
ताई, दोघा डॉक्टरांना एकत्र बसवा आणि विचारा, नाडी शंभरच्या वर जातेय का, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडतंय का ते सांगणारी रक्ततपासणी) किती, पायाच्या डॉप्लरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) अजून गुठळी शिल्लक आहे का, आणि रात्री दोनला बिघडलं तर कॅथलॅब, म्हणजे नळी घालायची खोली, उघडेल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

पोटरीदुखी:
पायातली गुठळी वर फुफ्फुसात जाऊ नये म्हणून बसवतात त्या फिल्टरचा विषय निघाला तर, माझ्या सासूबाईंना मोठ्या शिरेत ती छत्री बसवली होती, काढायची कधी ते कोणी सांगितलंच नाही आणि आम्हीही विसरलो, दोन वर्षांनी काढताना फार त्रास झाला. बसवलीच तर काढायची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या. आणि तीन महिन्यांनी दम लागत असेल तर वय झालं म्हणून सोडू नका, परत इको करा, जुनी गुठळी चिकटून राहिली तर फुफ्फुसातलं प्रेशर वाढतं.

नाशिकची_लेक:
खूप आभार सगळ्यांचे. दोघे डॉक्टर एकत्र बोलले. नाडी ११२ वरून ९६ वर आलीय, लॅक्टेट नॉर्मल. आज रात्र हेपरिनवरच, पण कॅथलॅबच्या टीमला सांगून ठेवलंय आणि सही आत्ताच घेतलीय, म्हणजे रात्री धावपळ नको. डाव्या मांडीत गुठळी आहे अजून. आई आयसीयूबाहेर बसलीय, तिला आठ मिलिमीटरचं सांगितलं नाही.