बंद ट्रेलर म्हणजे उधळपट्टी? तात्यांना सविस्तर उत्तर

वाळूवेडा (फिनिक्स)
परवा तात्यांनी लिहिलं, 'साइड-बाय-साइड (वाळूत पळवायची छोटी चारचाकी) न्यायला बंद ट्रेलर म्हणजे म्हशीला छत्री. खुला घ्या, चार पट्टे आवळा, निघा.' दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

चार सीझन खुल्या ट्रेलरवर गाडी घेऊन ग्लॅमिसला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर, गेलोय. आय-८ महामार्गावर आडव्या वाऱ्यात गाडीचं प्लास्टिकचं छप्पर उचकटून मागच्या लेनमध्ये पडलं. मागे कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. वाटेत युमाच्या मोटेलात रात्रभर दर तासाला उठून पडदा सारायचा, गाडी आहे का बघायचं. ही काय सुट्टी झाली?

म्हणून बंद घेतला, आणि तिथे माती खाल्ली. घाईत ७ बाय १४ फुटी उचलला. गाडी ७२ इंच रुंद. ७ फूट म्हणजे ८४, भरपूर जागा, असा माझा हिशोब. पण ते माप बाहेरचं. मागच्या दाराची चौकट टेपने मोजली तर ७५! दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवून गाडी आत गेली खरी, पण तिची दारं उघडेनात. शेवटी पुढच्या बाजूने बॉनेटवरून सरपटत बाहेर आलो. बायकोकडे व्हिडिओ आहे, मागू नका.

तेव्हा घ्यायचाच तर साडेआठ फुटी घ्या. सातफुटीची चाकं बॉडीच्या बाहेर असतात, मडगार्ड धरून रस्त्यावर दोन्ही साधारण १०२ इंचच भरतात. म्हणजे चालवताना सुटसुटीत वगैरे काही नाही, आतली जागा तेवढी कमी. मी आता साडेआठ बाय २० बघतोय.

टेक्सासतात्या
म्हशीला छत्रीच. आता छत्री मोठी हवी म्हणे. ट्रक कोणता मालक? हाफ-टनच ना, हलक्या वर्गातला पिकअप?

वाळूवेडा
हाफ-टन आहे. ११,००० पौंड ओढतो. तुमचं टोमण्यांचं ओझंही ओढेल.

टेक्सासतात्या
ओढेल हो. पेलेल का ते विचारतोय. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर आहे, त्यावर माणसं-सामान धरून ट्रक किती वजन पेलतो तो आकडा असतो, तो वाचा आणि इथे टाका. ब्रोशर नको.

वाळूवेडा
१,५२० पौंड.

टेक्सासतात्या
बसा आता पाटी-पेन्सिल घेऊन. २० फुटी रिकामा ३,६०० धरा. गाडी २,०००. सुटं चाक, पाणी, अवजारं ५००. झाले ६,१००. हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडावर, त्याच्या १० ते १५ टक्के वजन यायलाच हवं, १२ धरू, म्हणजे ७३० ट्रकच्या मागच्या अॅक्सलवर. तुम्ही चौघं ६००. कूलर १००. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारा जोड) स्वतःच ९०. बेरीज बरोब्बर १,५२०. वहिनींनी चकलीचा डबा घेतला की तुम्ही ओव्हरलोड. विश्वास नसेल तर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर चढवून बघा, थोडे डॉलर जातील, अक्कल येईल.

हुरहुर_हरिकेन (युटा)
दोघंही एचओएबद्दल (वसाहतीच्या घरमालक संघाबद्दल) का बोलत नाही? माझा ट्रेलर स्वतःच्या ड्राइव्हवेवर ४८ तास उभा होता, लगेच पत्र. पाडव्याला गुढी उभारली, तर 'अनधिकृत ध्वजदंड' म्हणून दुसरं पत्र! आता महिन्याला भाडं भरून स्टोरेजमध्ये ठेवतो. ट्रेलरची किंमत सांगताना हे कोणी सांगत नाही.

ढोलवाली_मावशी
वाळूवेड्या, विषय निघालाच आहे तर आमच्या पथकाचे ढोल तुझ्या त्या १४ फुटीतून नेले होते ते पण लिही. परत आले तेव्हा पेट्रोलचा भपकारा येत होता. ध्वजालाही वास! दोनदा धुतला. मिरवणुकीत मुलं नाक धरून वाजवत होती.

वाळूवेडा
मावशी, फुकट दिला होता. भाडं तर सोडाच, झाडूही कोणी मारला नाही. दोन वर्षं झाली, अजून फ्लोअरच्या फटीतून गुलाल निघतो. ई-ट्रॅकची (सामान बांधायच्या धातूच्या पट्ट्यांची) एक पट्टी उपटून आली, ती कोणी भरून दिली? बंद ट्रेलर घेतला की माणूस मंडळाचा टेम्पोवाला होतो, हा खरा तोटा. तात्यांना तो सुचला नाही.

ढोलवाली_मावशी
टेम्पोवाला? आरतीचा पहिला मान तुला दिला होता रे! आणि तू गाडी चालवलीस कशी? मागच्या गाडीत मी होते. ट्रेलर सापासारखा वळवळत होता. माझा जीव गेला होता.

वाळूवेडा
वळवळणारच! तुमच्या पोरांनी ३० ढोल रॅम्पजवळ रचले, पुढे सगळं रिकामं. उतरवायला सोपं पडतं म्हणे. मागे वजन गेलं की हिच उचलली जाते, ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. ट्रकचा ब्रेक दाबला असता तर आडवेच झालो असतो. पाय गॅसवरून काढला, ट्रकमधल्या ट्रेलर-ब्रेक कंट्रोलरचं बटण हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, म्हणून सरळ झाला. आणि मी म्हणे चालवतो कसा!

ढोलवाली_मावशी
पोरांना कोणी सांगितलं होतं का? मालक म्हणून उभं राहून भरून घ्यायचं काम तुझं. तू तेव्हा वडापावच्या रांगेत होतास.

वाळूवेडा
माझ्याच ट्रेलरसाठी मीच हमाल? वा! पुढच्या वर्षी यू-हॉलचा भाड्याचा ट्रेलर करा.

ढोलवाली_मावशी
करूच. निदान त्यांच्याकडे पेट्रोलचा वास नसतो.

टेक्सासतात्या
मावशी, भांडण तुमचं असू दे, पण वासाचा मुद्दा वजनाहून मोठा आहे. अॅरिझोनाच्या उन्हात बंद पेटीत पेट्रोलची टाकी तापते, वाफ जड असते, खाली साचते. छपराला एक व्हेंट लावून भागत नाही, खाली बाजूलाही झरोके हवेत. याच्या १४ फुटीला आहेत का विचारा.

वाळूवेडा
नाहीत. २० फुटीत घेईन.

हुरहुर_हरिकेन
आणि स्टोरेजचं भाडं?

सांगलीकर_इन_सॅन_दिएगो
उशिरा आलो. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असला की ५५ ची मर्यादा, तेव्हा बंद असो की खुला, पोचायचं सारख्याच वेळात. तेलाचं मात्र नाव काढू नका, साडेआठ फुटी भिंत वाऱ्यात ढकलत न्यायची म्हणजे माझा ट्रक गॅलनला ९ मैल देतो. तरी बंदच वापरतो. रात्री त्यातच खाट टाकून झोपतो, गाडी बाहेर काढून. मोटेलचे पैसे वाचतात, तेलात जातात. आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा हो, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. माझा नवाकोरा दिसणारा सहा वर्षांचा टायर एल सेंट्रोच्या अलीकडे फुटला, मडगार्ड घेऊन गेला. बाकी चालू द्या.

टेक्सासतात्या
छपराचं मान्य. खुल्यावर नेताना छप्पर काढून ठेवावं लागतं, ते मी लिहायला हवं होतं. खूश? पण २० फुटी हाफ-टनवर नाही म्हणजे नाही. १६ घे, गाडी एकच आहे ना तुझी? साडेआठ रुंदीत १६ मिळतो, वजन तरी वाचेल.

वाळूवेडा
तात्या बंद ट्रेलर सुचवतायत! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. १६ चा विचार करतो. १४ फुटी विकायला काढतोय, कोणाला हवा असेल तर सांगा.

ढोलवाली_मावशी
किती म्हणतोस? झरोके तू बसवून दे. ई-ट्रॅकचे पैसे त्यातून वजा.

वाळूवेडा
ई-ट्रॅकचे पैसे *तुम्ही* देणं लागता मावशी.